शून्य युनिट

अहवालात रकाने चार.
सिमकार्डवर बोलणारा मीटर,
शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे निरोप धाडणारा मीटर,
विजेच्या तारेतूनच कुजबुजणारा,
आणि एक लांब पल्ल्याचा, थोडंच बोलणारा.
खाली एक ओळ रिकामी: शिफारस.
त्या ओळीपायी मी अडावदला तीनदा आले.

पहिल्यांदा जानेवारीत.
गावाला लागून असलेली केळी कापून झाली होती,
सातपुड्यापर्यंत नजर जायची, तसे तरंगही गेले.
आठशे पासष्ट मेगाहर्ट्‌झ,
शंभरातले अठ्ठ्याण्णव हजर.
निरोप धाडणाऱ्याच्या रकान्यात
मी पेन्सिलीनं खूण केली. बरं झालं, पेन्सिलीनं.

सप्टेंबरात पडदा उघडला
तर निम्मा गाव गप्प.
धुडकू अण्णा, आमचे वायरमन, शिडी टेकवून उभे.
हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.
“केळना पानमा पानी ऱ्हास, मॅडम.
तठे तुमना आवाज बुडी जास.”
पदवीच्या चौथ्या वर्षी
हेच मला दोन पानांच्या गणितात शिकवलं होतं.
त्या गणितात केळ नव्हती.

मग सिम घालून पाहिलं.
जिन्याखाली लोखंडी पेटी, पेटीत मीटर,
टॉवर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला,
पत्र्याच्या छपराआड एक दांडी,
तीही मध्यरात्रीनंतर.
शिवाय मीटरला जगायचंय दहा वर्षं
आणि मोबाइलची पिढी त्याआधीच म्हातारी होते.
तारेतून ऐकू पाहिलं
तर पंपांचे स्टार्टर, गिरणी,
आणि बसस्टँडजवळचा असलमभाई वेल्डिंगवाला,
त्याची एक ठिणगी पडली की सगळी गल्ली बहिरी.

तिसऱ्यांदा मी फक्त वाटा पाहिल्या.
कुणाचा आकडा कुणाच्या दारातून येतो,
त्याचा एक तक्ता असतो, मीटरच तो आपसांत ठरवतात,
आपल्याला विचारत नाहीत.
भोई गल्लीची मागची सहा घरं
एकाच मीटरमधून येत होती. शेवटचे आकडे एकशे चौऱ्याहत्तर.

आम्ही गेलो. दाराला कुलूप,
कुलपावर कोळ्याचं जाळं.
“आठे कोन्ही ऱ्हात नही. सुरतले गयात.”
रोहिदास भोई. चौदा महिने वापर शून्य.
थकबाकी अठराशे चाळीस, सगळा स्थिर आकार.
कुणी दिवा न लावण्याचंही बिल येतं.
अण्णांच्या खिशात कागद होता:
पुरवठा कायमचा बंद, मीटर काढून आणावा.
पक्कड हातातच होती.

मी त्यांना पडदा दाखवला.
हे घर, आणि ह्याच्यातून निघालेल्या सहा रेघा.
अण्णांनी बराच वेळ पाहिलं.
मीटरचा लाल दिवा एकदा लुकलुकला.
त्यांनी कागदाची घडी करून टोपीत घातली,
शिडी उचलली, म्हणाले, चहा घेऊ.

मुख्य कार्यालयाला एक शब्द हवा होता.
मी साडेतीन ओळी लिहिल्या:
गावात एकमेकांकरवी, वेशीवरून पुढे सिमनं,
मळ्यातल्या घरांना लांब पल्ल्याचा,
भोई गल्लीच्या तोंडाशी खांबावर एक जादा रिपीटर.
कारण म्हणून लिहिलं, केळी.
ते खोटं नाही.
रिपीटर मंजूर व्हायला चार महिने तरी लागतील.

रात्री चोपड्याच्या विश्रामगृहात
मच्छरदाणीत बसून पडदा उघडला.
पावणेबारा.
एकशे चौऱ्याहत्तरनं आधी स्वतःचं सांगितलं: शून्य.
मग मागच्या घरांचं एकेक.
हा कमलबाईंचा फ्रीज असावा.
हा कुणाचा तरी पंखा, दोन नंबरवर.
हा बारीकसा, बहुतेक देवापुढचा लाल बल्ब.
चौथं आलं. पाचवं आलं.
सहावं नाही.

बाहेर एस.टी. वळली, तिचा उजेड भिंतीवरून गेला.
मी पडदा मिटला नाही.
बारा वाजता पुन्हा शून्य,
आणि त्याच्या मागोमाग सहाही.